परासरण, तर्षण आणि मुरणं

फोंड्याच्या एका शिक्षिकाबाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. 'ऑस्मॉसिस'ला परासरण म्हणावं की तर्षण? आणि "आमचा मुलगा भजनी सप्ताहांत बसून बसून ऑस्मॉसिसने तबला शिकला" हे मराठीत कसं सांगायचं?

पहिल्याचं उत्तर चटकन देता येतं. शाळेच्या पुस्तकांत परासरण आहे, मुलांना तेच शिकवा. तर्षण मराठी विश्वकोशात भेटतो, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्याच्यावर आहे. टॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने १८५४ साली 'ऑस्मोस' हा शब्द घडवला तो ढकलणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. परासरण म्हणजे नुसतं पलीकडे सरकणं. तर्षण मात्र 'तृष्' धातूतून येतो, तृषेचा सख्खा भाऊ. पातळ पटलाच्या एका बाजूला मीठ किंवा साखर जास्त असली की पलीकडचं पाणी तिकडे ओढलं जातं, म्हणजे खारट बाजूला तहान लागते! आपल्याकडे खाजनाचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की भात उभ्या पाण्यात सुकतं. मातीतलं पाणीच मुळांपेक्षा खारट झालेलं असतं, मग मुळांनी प्यायचं काय? कोरगुट या वाणाचं भात थोडा खार सोसतं, बाकीची वाणं मान टाकतात. हे समजावताना मी परासरण हा शब्द वापरला आणि शेजारचे शेतकरीमामा नुसते बघत राहिले. तहान म्हटल्यावर लगेच माना डोलल्या.

स्वयंपाकघराने या दोन्ही शब्दांची वाट पाहिली नाही. तिथे 'पाणी सुटणं' आहे. काकडीला मीठ लावलं, पाणी सुटलं. भिरंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की दोन दिवसांत लाल रस तरंगतो, तोही असाच सुटलेला.

आता दुसरा प्रश्न, आणि इथेच खरी गंमत आहे. चेपणीची तोरं आठवा (घाटावरच्या वाचकांसाठी: तोर म्हणजे कैरी). कोवळी तोरं मिठात घालून वर दगड ठेवतात. पहिल्या काही दिवसांत ती सुरकुततात, बरणीत पाणी जमतं. ते परासरण: पेशीपटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहसा देत नाही. पण मीठ आत शिरून तोर कोयीपर्यंत खारट होतं ते पुढच्या आठवड्यांत, पेशी मेल्यावर, पटलाचा पहारा उठल्यावर. ते परासरण नव्हे, विसरण, म्हणजे 'डिफ्यूजन': पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे आपोआप पसरणं. (हा पारिभाषिक शब्द ज्याने घडवला त्याला विसरणं आठवलं नसावं. माझ्या वर्गात दरवर्षी हशा पिकायचा.) त्या दुसऱ्या टप्प्याला घरात म्हणतात मुरणं.

म्हणजे बघा, इंग्रजीत कुणी 'ऑस्मॉसिसने शिकलो' म्हणतो तेव्हा बाहेरचं काहीतरी नकळत आत उतरलं असं त्याला म्हणायचं असतं. शास्त्राच्या काट्यावर ते ऑस्मॉसिस नाहीच. त्यात पाणी सरकतं, मीठ नाही. मराठीने नेमका टप्पा पकडला आहे. तेव्हा बाई, बिनधास्त लिहा: "सप्ताहांत बसून बसून तबला त्याच्या हातात मुरला." परासरणाने शिकला असं मात्र लिहू नका, ते वाचून तबलाही बेसूर होईल.

एक सावधगिरी. मुरलेला आणि मुरब्बी अर्थाने जवळ आलेत म्हणून कुणी त्यांचं गोत्र जुळवतं. मुरब्बी अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ सांभाळ करणारा, पालक. मुरब्बाही तिकडचाच. आवळा पाकात मुरतो हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही.

आणि हो, पाणी शुद्ध करायला नळाला बसवतात त्या आरओला ('रिव्हर्स ऑस्मॉसिस') शुद्ध मराठीत 'व्यस्त परासरण' म्हणतात. तिथे दाब देऊन पाण्याला तहानेच्या उलट दिशेने पिटाळतात. पण दुरुस्तीवाल्याला फोन करताना आरओच म्हणा.