गमबॉल मशीनचा तयार रूट घेताय? आधी हे बघा

रूट म्हणजे अमेरिकेत दुकानादुकानांत ठेवलेल्या, नाणं टाकलं की च्युइंगगमची गोळी देणाऱ्या मशीनचा चालू धंदा. तो विकणाऱ्याची वही बघून भुलू नका. रोखीचा धंदा आहे, वहीत काहीही लिहिता येतं. पैसे गोळा करायच्या फेरीला त्याच्यासोबत गाडीत बसा, एकदा नाही, दोनदा. नाणी डोळ्यांसमोर मोजून घ्या. वजनावरही अंदाज येतो: क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) ५.६७ ग्रॅमचा, म्हणजे किलोला साधारण ४४ डॉलर.

तुम्ही खरं तर मशीन विकत घेत नाही, जागा घेताय. आणि बहुतेक जागा तोंडी बोलीवर असतात. मी न्यू जर्सीत पहिला रूट घेतला तेव्हा हेच चुकलं. पहिल्याच महिन्यात एका लॉन्ड्रोमॅटचा (नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानाचा) मालक म्हणाला, "माझं बोलणं त्याच्याशी झालं होतं, तुमच्याशी नाही." मशीन डिकीत घालून घरी आणलं; बायको अजून हसते. तेव्हा सौद्याआधी प्रत्येक जागामालकाला भेटा, जागेबद्दल त्याचं कमिशन किती ते त्याच्याच तोंडून ऐका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- जुनीच कुलपं ठेवतात. किल्ल्या आणखी कोणाकडे आहेत, देव जाणे. बदलून टाका.
- उन्हाळ्यात चॉकलेट भरतात. काचेमागे लगदा होतो. सुरुवातीला गमबॉलच बरे. एका क्वार्टरला एक गोळी, म्हणजे ८५० च्या खोक्यातून २१२ डॉलर निघतात, खर्च वेगळा.
- लांबची एकटी मशीन घेतात. पेट्रोलच खाऊन टाकतं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा. टोकन, स्टिकर, कार्ड रीडर वगैरे नंतर बोलू. आधी ती फेरी मारून या आणि आकडे सांगा.