वाचकांचे प्रश्न : स्विचची देखरेख आणि ‘पब्लिक’ हा शब्द

प्रश्न : मी एका महाविद्यालयातील संगणक-जाळ्याचे काम पाहतो. आमच्याकडे २६ स्विच व २ राउटर असून देखरेखीचे सॉफ्टवेअर दर ५ मिनिटांनी एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलद्वारे त्यांची माहिती घेते. मुख्य जोडणी १ गिगाबिटची असूनही तिचा आलेख ११४ मेगाबिटच्या पुढे कधीच जात नाही. दुपारी प्रयोगशाळा भरल्या की तो उलट खाली येतो. शिवाय तपासणीत ‘पब्लिक’ आणि ‘प्रायव्हेट’ या कम्युनिटी (विचारणा करताना द्यावे लागणारे, पासवर्डसारखे शब्द) बदलण्याचा शेरा मिळाला आहे. नुसते शब्द बदलून भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : भागणार नाही. आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ बहुधा एकच आहे : सॉफ्टवेअर अजूनही एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीने विचारणा करत असावे.

आधी आलेखाकडे पाहू. पोर्टमधून गेलेले बाइट मोजणारा जुना काउंटर ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर हा फेरा सुमारे ३४ सेकंदांत संपतो, म्हणजे आपल्या दोन विचारणांमधील ५ मिनिटांत तो आठ-नऊ वेळा होऊ शकतो. सॉफ्टवेअर मात्र एकच फेरा झाला असे धरून चालते, आणि एका फेऱ्यातले सगळे बाइट बिटांत मोजून ३०० सेकंदांत वाटले की सेकंदाला सुमारे ११४ मेगाबिट येतात. म्हणूनच वर्दळ वाढली की आलेख खाली येतो. यावर उपाय ६४ बिटांच्या काउंटरचा आहे. पण पहिल्या आवृत्तीत तो प्रकारच नाही, त्यासाठी २सी (दुसऱ्या आवृत्तीचा प्रचलित प्रकार) किंवा तिसरी आवृत्ती लागते.

२सी वापरल्यास आलेख खरा होईल, पण कम्युनिटीचा शब्द तारेवरून उघडाच जाईल, मग तो कितीही अवघड ठेवा. त्यातही ‘प्रायव्हेट’ ही सामान्यतः लेखनाची परवानगी असते : ती हाती आलेला माणूस पोर्ट बंद करू शकतो आणि काही उपकरणांवर सगळी कॉन्फिगरेशन फाइल स्वतःकडे मागवू शकतो. देखरेखीला वाचन पुरते, म्हणून लेखनाची कम्युनिटी आजच काढून टाका, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

अॅक्सेस लिस्ट (कोणत्या पत्त्यांना प्रवेश द्यायचा याची यादी) लावून यूडीपी १६१ हे पोर्ट, म्हणजे एसएनएमपीची विचारणा ज्या क्रमांकावर येते ते दार, केवळ देखरेखीच्या सर्व्हरला खुले ठेवणे आवश्यकच आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. यूडीपी या आधी जोडणी न करता संदेश पाठवण्याच्या पद्धतीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. त्याचे उत्तर खोटारड्याकडे परत जात नाही, त्यामुळे वाचन बऱ्याच अंशी सुरक्षित राहते; लेखनाच्या आज्ञेला मात्र उत्तराची गरजच नसते, ती पोहोचली की काम झालेले असते.

कायमचा मार्ग तिसऱ्या आवृत्तीचा, जी डिसेंबर २००२ पासून इंटरनेटचे मानक आहे. तीत कम्युनिटीऐवजी वापरकर्ता असतो. ओळख-पडताळणी आणि गुप्तता दोन्ही देणारी पातळी निवडा, पहिल्यासाठी एसएचए व दुसऱ्यासाठी एईएस ही पद्धत घ्या, आणि दोन्हींचे पासवर्ड वेगळे ठेवा. जुन्या स्विचवर एमडी५ व डीईएस या जुन्या, कमकुवत पद्धतीच असतील, तर त्याचे व्यवस्थापन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (जाळ्याच्या स्वतंत्र आभासी भागात) न्या आणि पुढील खरेदीत तो आधी बदला.

एक गोष्ट अनेकांना चकवते. वापरकर्त्याची किल्ली पासवर्ड आणि त्या उपकरणाचा इंजिन आयडी (एसएनएमपीतील त्याची स्वतंत्र ओळख) यांपासून तयार होते, म्हणून बिघडलेल्या स्विचची कॉन्फिगरेशन नव्या स्विचवर जशीच्या तशी चढवली तरी विचारणा फसते. तेथे वापरकर्ता पुन्हा निर्माण करावा लागतो. सिस्कोच्या उपकरणांत तर हा वापरकर्ता चालू कॉन्फिगरेशनच्या यादीत दिसतही नाही, तेव्हा त्याची नोंद स्वतंत्रपणे, कुलपात ठेवा.

बदल एका स्विचपासून सुरू करा : जुनी वाचन-कम्युनिटी तूर्त राहू द्या, तिसरी आवृत्ती चालू करून आठवडाभर आलेख तपासा, मग बाकीच्या उपकरणांकडे वळा. शेवटी ‘पब्लिक’ काढायचे विसरू नका. माझ्या पाहण्यात सर्वाधिक ठिकाणी काम नेमके येथेच अर्धवट राहते. ते काढल्यावर विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतील एखाद्या संगणकावरून त्याच शब्दाने प्रत्येक स्विचला विचारून पाहा. एकाकडूनही उत्तर येता कामा नये.