कॉर्न स्नेक या पाळीव, बिनविषारी सापाचं पिल्लू तीन आठवडे काहीच खात नाही. तोंड उघडून भरवावं का?

नाही.

गेल्या सप्टेंबरात मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितेय. आम्ही फ्लोरिडात राहतो. लेकीने एका रेप्टाइल शोमधून पिल्लू आणलं, सात ग्रॅमचं, बुटाच्या नाडीएवढं. विकणारा म्हणाला, पिंकी (उंदराचं नुकतं जन्मलेलं, बिनकेसाचं पिल्लू) छान खातं. साफ खोटं. पाच आठवडे आम्ही फ्रोझन पिंकी वितळवून, कोमट करून रात्री ठेवायचो आणि सकाळी तशीच उचलून फेकायचो.

आमचं आजोळ बत्तीस शिराळ्याचं, त्यामुळे दादाला वाटतं की सापांतलं आपल्याला उपजत कळतं. आधी म्हणाला दूध दे. मग मेसेज आला, "लाड कसले करतेस? जबडा उघड नि ढकल आत." आणि मी बावळटासारखं ऐकलं. नवऱ्याने धरलं, मी चिमट्याने ढकललं. दुसऱ्या दिवशी सगळं उलटून बाहेर आलं. पिल्लू सहा ग्रॅमच्याही खाली गेलं. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

मुळात रानात ही पिल्लं सुरुवातीला बरेचदा छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. जिभेने वास घेऊन भक्ष्य ओळखतात. आमच्या पिल्लाच्या लेखी पिंकी हे खाणंच नव्हतं.

उलटीनंतर बारा दिवस त्याला कशालाही हात लावला नाही. मग अंगणातला एक तपकिरी अनोल पकडला. हे सरडे मूळचे क्युबा-बहामाकडचे, पण इथे कुंपणाकुंपणावर असतात. पिंकी नुसत्या कोमट पाण्याने धुतली, पुसली, अनोलच्या अंगावर चांगली घासली आणि त्याला सोडून दिलं. भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ओला टिश्यू, पिंकी आणि पिल्लू ठेवून डबा त्याच्या राहण्याच्या टाकीतच अंधारात ठेवला. सकाळी पिंकी गायब! चौथ्या वेळेपासून वास लावायचीही गरज उरली नाही.

उबदार बाजू ८५ फॅरनहाइट, लपायला दोन जागा, आठवडाभर हाताळणं बंद, एवढं तुम्ही केलंच असेल. नसेल तर आधी ते करा, अनोलची वेळ कदाचित येणारही नाही.

लहानपणी दर रविवारी माझं नाक दाबून एरंडेल पाजायचे, आणि हात धरायला दादाच असायचा. कोंबलं की पोटात जातं यावर त्याचा अजून विश्वास आहे. पिल्लाचं फुगलेलं पोट फोटोत पाहून काय म्हणाला? "मी म्हटलंच होतं, भूक लागली की खाईल." "ढकल आत"चा मेसेज माझ्याकडे अजून आहे, दादा.

हां, रानातल्या सरड्यांतून जंत येऊ शकतात, तेवढा धोका मी पत्करला. साल्मोनेलामुळे हात साबणाने धुवा. किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा. सतत घटत असेल तर सापांचा अनुभव असलेला व्हेट गाठा. भरवायचंच ठरलं तर ते त्याने करावं, तुम्ही नाही. आणि हे पिल्लू कॉर्न स्नेक नसून भारतात अंगणात सापडलेलं धामण किंवा दिवड असेल, तर खाण्याचं सोडा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते घरात ठेवताच येत नाही. वनखात्याला फोन करा.