आधी मूळ वाच, थिअरी कुठे पळून जात नाहीये

प्रिय मुली,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. 'सर, क्लासिकल चायनीजमध्ये दोन वर्षं घालवू की सरळ एखादी थिअरी घेऊन प्रपोजल टाकू?' आणि खाली तीन रडके इमोजी.

घालव. तीन लागली तर तीन.

तुझे गाइड म्हणतात इंग्रजीत मटेरियल भरपूर आहे. आहेच की! त्याच भरपूर मटेरियलवर मी वीस वर्षं शिकवलं. दरवर्षी चीनला गेलेला ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी शिकवायला आला की मला चेव यायचा, १७९३, जेहोल या बादशहाच्या उन्हाळी मुक्कामातला तो तंबू, एक गुडघा टेकायचा की डोकं जमिनीला लावायचं यावरून झालेली घासाघीस, आणि मग चिंग घराण्याच्या छ्येनलुंग बादशहाचं इंग्लंडच्या राजाला, तिसऱ्या जॉर्जला, पत्र, 'तुमच्या वस्तूंचं आम्हाला काही अप्रूप नाही', हे मी अशा ठसक्यात म्हणायचो की पोरं हसायची. गर्विष्ठ म्हातारा, जगाचं भान नाही, पुढे अफूचं युद्ध, संपला तास.

बावन्नाव्या वर्षी डिक्शनरी घेऊन मूळ पत्र उघडलं. पहिल्या ओळीलाच चार संध्याकाळी गेल्या, कारण आपलं एचएसके परीक्षेचं आधुनिक चायनीज तिथे फार कामाला येत नाही. पुढे बीजिंगच्या अर्काइव्हने १९९६ मध्ये छापलेले या भेटीचे कागद चाळले, सहाशेच्या वर आहेत. इंग्रजांनी चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चौशानजवळ एक बेट मागितलेलं, आणि हाच 'भान नसलेला' बादशहा किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना लिहितोय की मागण्या नाकारल्यात, हे लोक काहीतरी करतील, बंदोबस्त वाढवा. आणि ते पत्र इंग्रजीत गाजलं कधी? बॅकहाउस आणि ब्लँड या इंग्रज लेखकांच्या १९१४ च्या पुस्तकानंतर. बॅकहाउस म्हणजे तोच, ज्याने आणलेली एक चिनी डायरी पुढे बनावट निघाली. इतिहासकार हेन्रिएटा हॅरिसनने २०१७ मध्ये ही सगळी भानगड नीट उलगडली तेव्हा मला पोरांचं ते हसणं आठवत राहिलं.

म्हणून मूळ वाच. थिअरी वाईट असं नाही म्हणत मी. पण इतिहासकार जेम्स हेवियांचं १९९५ चं पुस्तक घे, विषय हाच, थिअरी भरपूर, चीनवरच्या पुस्तकांना देतात ते लेव्हन्सन प्राइज मिळालं, आणि मग दुसरे इतिहासकार जोसेफ एशरिकनी चार अक्षरांवर बोट ठेवलं. फंग-ज्येन-शृ-चुंग. साधा अर्थ, पाहुणचार फार थाटाचाही नको आणि चिक्कूपणाचाही नको, बेताचा ठेवा. हेवियांनी शेवटच्या 'चुंग' म्हणजे मध्य, यावर चिंग दरबाराच्या विधींचं अख्खं तत्त्वज्ञान उभं केलेलं. त्यांच्या बाजूनेही लोक हिरीरीने लिहिले, पण भांडण शेवटी चार अक्षरांचं, आणि ती वाचता येत नसतील तर आपण फक्त प्रेक्षक. तुला प्रेक्षक व्हायचंय का?

आता तू विचारशील, सर तुम्ही वेळेवर का नाही शिकलात. अगं, फ्लॅटचा हप्ता, आईचं आजारपण, एका स्कॉलरशिपची फाइल तर एका ऑफिसने चक्क हरवली, आणि तेव्हा चिनी शिकवणारं होतं कोण. हे मी इतकी वर्षं सांगत आलोय आणि त्यात खोटं काही नाही. फक्त पुण्याचेच पालीचे अभ्यासक पु. वि. बापट, ज्या विमुत्तिमग्ग या बौद्ध ग्रंथाची पाली प्रत हरवली तो चिनीतून वाचून विसुद्धिमग्ग या दुसऱ्या पाली ग्रंथाशी ताडत बसले आणि १९३७ मध्ये पुस्तक काढलं, ते आठवलं की माझी फाइल जरा हलकी वाटते. असो.

तुला मुंबईहून जाणाऱ्या माळव्याच्या अफूवर काम करायचंय ना, उत्तम विषय, आपल्या बंदरातला. पण कँटनला ती पेटी उतरल्यावर तिथला अधिकारी वर काय लिहून पाठवत होता, ते मुंबईच्या कागदांत नाही सापडणार. परत तेच म्हणतोय, कंटाळलीस तरी म्हणणार.

गाइडशी मी बोलेन. छ्येनलुंगच्या पत्राची मूळ प्रत पाठवतोय, पहिल्या दोन ओळी रविवारपर्यंत मराठीत करून दे, इंग्रजी न बघता. बघितलंस तर मला कळेल, ते इंग्रजी माझं तोंडपाठ आहे.

तुझा,
सर