टाचेमागची शीर जाड निघाली म्हणून पळणं संपत नाही

भाऊ, अमळनेरहून तू विचारलं आहेस ते वाचलं. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतोस, तीन महिन्यांपासून टाचेमागे दुखतंय, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा दोर, म्हणजे अकिलीस टेंडन) ८.४ मिलिमीटर जाड, मध्ये काळपट भाग, डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) नव्या रक्तवाहिन्या असं आलंय. शीर तुटेल का, ही तुझी धास्ती. मी जळगावात बरीच वर्षं फिजिओथेरपी करतोय. भरतीच्या दिवसांत ‘टाच दुखस’ म्हणत येणारी पोरं रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पडद्यावर काय दिसतं ते समजून घे. आपल्याकडे केळीच्या सोपटाचे धागे काढून वाळत घालतात ना, एकाला एक लागून, सरळ? निरोगी अकिलीस टेंडन सोनोग्राफीत तसाच दिसतो, उजळ समांतर रेषा. जाडी साधारण ४ ते ६ मिलिमीटर. ताण सोसून सोसून बिघडला की तो मध्येच फुगतो, रेषा विस्कटतात, आणि तिथे काळपट डाग दिसतो. डाग म्हणजे भोक नव्हे. तिथली धाग्यांची मांडणी बिघडली आहे आणि पाण्याचा अंश वाढला आहे, इतकंच. शिवाय प्रोब (कातडीवर फिरवतात ते सोनोग्राफीचं यंत्र) जरा तिरका झाला तरी चांगली शीरसुद्धा काळी दिसते, त्यामुळे बघणाऱ्याचा हात सरावाचा लागतो.

आमच्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्ट मॅडम पेशंटला पालथं झोपवून पाय टेबलाबाहेर सोडायला लावतात. एकदा मी शेजारी उभा होतो. पोराची दुखरी शीर बघून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या टाचेवर जेल लावलं. तीही जाड, तिच्यातही डाग. त्या पायाने त्याला कधीच त्रास दिला नव्हता. असं पुष्कळदा दिसतं. उलटही घडतं: दुखणं थांबतं, पोरगं पळायला लागतं, आणि शीर पडद्यावर तशीच जाड राहते. म्हणून दर महिन्याला सोनोग्राफी करून बरं झालं का ते बघत बसू नकोस, पैसे जातील आणि घाबरशील.

मग सोनोग्राफीचा उपयोग काय? दोन गोष्टींसाठी आहे. एक, शीर फाटली आहे का. पाऊल वर-खाली करत बघितलं तर फाटलेली टोकं एकमेकांपासून सरकताना दिसतात. तुझ्या रिपोर्टात तसं काही नाही. दुसरी, बिघाड नेमका कुठे आहे: टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर, की हाडाला चिकटते तिथेच. ही गोष्ट तू टाकलेल्या रिपोर्टात लिहिलेली नाही, आणि व्यायाम तिच्यावरच ठरतो.

वरचा भाग असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच हळूहळू पायरीखाली सोडायची. १५-१५ चे तीन संच, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या डॉक्टर अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवर हे करून बघितलं, आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे पळू लागले. हाडाजवळचं दुखणं असेल तर टाच पायरीखाली नेऊ नकोस, सपाट जमिनीवरच कर, कारण खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको.

शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नकोस, कुणी कितीही लवकर बरं करतो म्हटलं तरी. ताप किंवा लघवीच्या त्रासासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन चालू असेल तर डॉक्टरांना टाचेबद्दल आवर्जून सांग. या गोळ्यांनी शीर फाटू शकते. आणि पळताना मागून कुणी काठी मारल्यासारखं झालं, एका पायावर टाच उचलता येईना, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठ.

आता एवढं कर: बोटांच्या चिमटीत शीर धरून खालून वर दाबत जा, सगळ्यात जास्त कुठे दुखतं ते बघ, हाडाला लागून की दोन-तीन बोटं वर, आणि इथे लिही. सकाळची पहिली पावलं दहापैकी किती दुखतात तेही सांग.