लेझर ‘मिळवायचा’ की ‘नेम धरायचा’?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले एक वाचक पिस्तुलांवरच्या एका अमेरिकी व्हिडिओसाठी मराठी उपशीर्षकं लिहीत आहेत. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या पिस्तुलाच्या नळीखाली छोटा लेझर बसवतात आणि मग तो ‘साइट-इन’ करतात, म्हणजे त्याचा ठिपका आणि गोळी एकाच जागी पडतील असं करून घेतात. त्यांनी ‘लेझरचे लक्ष्यीकरण’ लिहिलं, तर मित्र हसले. आता ‘लेझरने नेम धरणे’ चालेल का, असं ते विचारतात.

मित्र हसले ते बरोबरच. पण ‘नेम धरणे’ही इथे बसत नाही. का ते मला पोरवयातच कळलं होतं, रंकाळ्यावर फुगे फोडायच्या गाड्यापाशी. मी लाल फुग्यावर नेम धरायचो आणि त्याच्या डावीकडचा निळा फुटायचा. तीनदा असं झाल्यावर गाडेवाला म्हणाला, “माशी उजवीकडं वाकलीया, बार डावीकडं जातोय. जरा उजवीकडं धरा.” माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारका उंचवटा. मी म्हटलं, “मग माशी सरळ करा की!” तर म्हणतो कसा, “आणि मग मी काय खाऊ?”

माझा नेम ठीक होता, घोळ बंदुकीत होता. नेम धरतो तो माणूस, दर बाराला नव्याने. साइट-इन करतात ते हत्यार, आणि तेही बार काढायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी. ही दोन कामं एकाच क्रियापदात कोंबली की तुमच्या उपशीर्षकाचा फुगा शेजारचाच फुटणार.

जरा आडवाटेला जातो. ‘नेम’ हा ‘नियम’चाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. म्हणून नित्यनेमही आहे आणि बंदुकीचा नेमही. गंमत अशी की ‘शिस्त’ या शब्दाचंही तेच. आज शिस्त म्हटली की शाळेची रांग आठवते, पण जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. उर्दूत अजूनही ‘शिस्त बांधना’ म्हणतात. ‘पावसाचा काही नेम नाही’ हे आपण रोज म्हणतो. नवा कोरा लेझर डब्यातून काढून नुसता पिस्तुलाला अडकवला, तर त्याचाही काही नेम नाही, अगदी शब्दशः. ठिपका एकीकडे, गोळी दुसरीकडे.

मग म्हणायचं काय? माझं मत ‘मिळवणे’ला. घड्याळ मिळवतो म्हणजे आपल्या घड्याळाचे काटे बरोबर चाललेल्या घड्याळाप्रमाणे करून घेतो. तंबोऱ्याच्या तारा मिळवतात. गवयांच्या या गावात ते कुणाला समजावून सांगायला नको. एक वस्तू दुसऱ्या, खात्रीच्या वस्तूशी जुळती करणं हे त्या क्रियापदात आधीच आहे. इथे खात्रीची वस्तू म्हणजे गोळी जिथे लागते ती जागा.

आणि काम होतं तेही तसंच. ठिपका लक्ष्यावर ठेवून तीन-चार बार काढतात, छिद्रांचा झुबका कुठे पडला ते पाहतात, आणि लेझरचे दोन बारीक स्क्रू (एक आडवा, एक उभा) फिरवून ठिपका त्या झुबक्याकडे नेतात. गोळी ठिपक्याकडे येत नाही, ठिपक्यालाच गोळीकडे जावं लागतं. ‘लेझर मिळवणे’ म्हटलं की ही दिशाही आपोआप सुचते. ‘लक्ष्यीकरणा’त ती कुठेच नाही.

अंतराचा शब्द मात्र गाळू नका. समजा लेझर नळीच्या ४ सें.मी. खाली आहे आणि तो १० मीटरवर मिळवला. दोन्ही रेषा तिथे एकमेकींना छेदतात. म्हणजे ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या २ सें.मी. वर लागेल आणि २० मीटरवर ४ सें.मी. खाली, शिवाय गुरुत्वाकर्षणाची थोडी भर. म्हणून नुसतं ‘लेझर मिळवला’ हे वाक्य अर्धं आहे. ‘लेझर १० मीटरवर मिळवला’ हे पूर्ण.

आता तुम्ही म्हणाल, रेंजवरची पोरं तर सरळ ‘झिरो केलं’ म्हणतात. म्हणतात, आणि ते चूक नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात हा शब्द काही परका राहिलेला नाही. राहीने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते २५ मीटर पिस्तुलात. तिथे लेझर चालतच नाही, सगळा कारभार माशी आणि मागची खाच यांचा. त्यामुळे नेमबाजांसाठी लिहीत असाल तर ‘झिरो करणे’ बेलाशक लिहा. घरातल्या चारचौघांना कळायला हवं असेल तर ‘मिळवणे’. ‘जुळवणे’ही चालेल, मला फक्त ते लग्नाच्या पत्रिकेसारखं वाटतं.

‘लेझर लावणे’ एवढं टाळा. एक तर त्याचा अर्थ बसवणे, चालू करणे आणि मिळवणे असा तिन्हीकडे जातो. दुसरं म्हणजे कोल्हापुरात ‘लेझर लावला’ म्हटलं की माणूस आधी विचारतो, कुठल्या मंडळानं?