काटा लागून तीन आठवडे झाले आणि आता बोटावर गाठ

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, बाकीचं मागाहून. मामांनी रापणीत (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यात) आलेली मिशांची, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची पिल्लं दिली. तुम्ही ती खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडली आणि जाळीतून सोडवताना एकाचा काटा तर्जनीत गेला. ती रात्र कशी गेली ते तुम्ही लिहिलंच आहे. पण आता तीन आठवड्यांनी त्याच पेरावर जांभळट गाठ आली आहे, दाबली तरी फारशी दुखत नाही, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने तिला काही झालं नाही, आणि तुम्ही विचारताय की विष आत राहिलं असेल का.

विष राहिलेलं नाही. ते त्याच रात्री आपलं काम करून संपलं. एवढ्या उशिरा येणाऱ्या गाठीची कारणं वेगळी असतात, आणि त्यातली दोन तपासून घ्यायलाच हवीत.

पहिलं सोपं. या माशाच्या काट्याला कडेने दाते असतात, त्यामुळे तो शिरतो सहज आणि निघताना टोक आत मोडून राहू शकतं. शरीर मग त्याच्याभोवती गाठ धरतं. एक्स-रेमध्ये असा तुकडा कधी दिसतो, कधी नाही. सोनोग्राफीत सापडण्याची शक्यता चांगली असते, तेव्हा एक्स-रे साफ आला म्हणून तिथेच थांबू नका.

दुसरं कारण टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं, पण फार थोड्यांना असतं. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू आहे, क्षयाच्या आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्या गोतातला, पण राहणारा पाण्यात. गोडं, खारं, मचूळ, त्याला सगळं चालतं. 1926 साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांमध्ये तो ओळखला गेला, आणि घरच्या टाकीतून तो माणसाच्या हातात शिरतो हे 1962 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. तेव्हापासून त्या दुखण्याला फिश टँक ग्रॅन्युलोमा म्हणतात; ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने जंतूभोवती धरलेली गाठ. त्याला तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते, शरीराच्या आतल्या 37 अंशांत तो नीट वाढत नाही. म्हणून तो बोटं, हाताची पाठ, कोपर अशा गार भागांत बसतो. जखम झाल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांनी गाठ दिसते, क्वचित काही महिन्यांनीही. कधी पहिल्या गाठीपासून मनगटाकडे आणि पुढे दंडाकडे एका ओळीत आणखी गाठी उठतात. तुमच्या हातावर तशा आहेत का, आज उजेडात नीट चाचपून बघा. बोट वाकवताना आखडत असेल तर मात्र थांबू नका, कारण तो स्नायुबंधात किंवा सांध्यात गेला की काम लांबतं.

आता डॉक्टरकडे जाल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा: घरी माशांची टाकी आहे, हात रोज त्या पाण्यात असतो, तीन आठवड्यांपूर्वी माशाचा काटा लागला. हे न सांगता नुसतं बोट पुढे केलंत तर कुणीही डॉक्टर साध्या फोडाचं औषध देईल, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ गाठीचा तुकडा काढायचं ठरवतील. तो काढण्याआधीच विचारा की कल्चर, म्हणजे तुकड्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करणार आहात ना. आपल्याकडे बऱ्याचदा अख्खा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ते ठीक, पण फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चरला काही उरत नाही. दोन तुकडे हवेत: एक फॉर्मेलिनमध्ये, एक सलाइनमध्ये. आणि लॅबच्या फॉर्मवर लिहून घ्या की 30 अंशांच्या आसपास वाढवावं आणि सहा आठवडे ठेवावं. नेहमीप्रमाणे 37 अंशांवर ठेवलं तर रिपोर्ट कोरा येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

रिपोर्टात ग्रॅन्युलोमा दिसला की आणखी एक घोळ होतो. त्वचेचा क्षय समजून क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. त्यातली रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल या जंतूवर चालतात, पण आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडला तो दाद देत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधंही वापरतात. कुठलं आणि किती ते तज्ज्ञच ठरवणार, मी फक्त विचारायचं काय ते सांगतोय. उपचार महिनोन्‌महिने चालतात, गाठ गेल्यावरही पुढे काही आठवडे. तोवर गाठीवर स्टेरॉइडचं मलम चोळू नका. मेडिकलवाल्याने "खाज-फोड सगळ्यावर चालतं" म्हणून ट्यूब दिली असेल तर ती बाजूला ठेवा.

हेही सांगून ठेवतो की हे दुखणं माणसाकडून माणसाला होत नाही. आमच्या देवगडकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या घरी "क्षयाचा भाऊ" हे शब्द ऐकले आणि त्याचं ताट-वाटी वेगळी झाली, लहान पुतणीला जवळ येऊ देईनात. डॉक्टरांनी स्वतः घरी फोन करून सांगितलं तेव्हा त्याचं ताट परत पंगतीत आलं. तुमच्या घरात असं काही सुरू होण्याआधी आईला नीट समजावून सांगा.

आता काट्याबद्दल. ही पिल्लं शिंगाळ्याच्या लांबच्या भाऊबंदातली, शास्त्रीय नाव प्लोटोसस. लहान असताना घोळका करून एकमेकांना चिकटून फिरतात, दिसायला लाघवी. मोठी झाली की एकेकटी राहतात आणि फूटभर वाढतात. पाठीवरच्या पहिल्या पंखात एक आणि छातीच्या दोन पंखांत एकेक, असे तीन विषारी काटे. जाळीच्या दोऱ्यात ते अडकतात आणि आपण सोडवायला बोटं घालतो, अपघात नेमका तिथे होतो. मिशावाला मासा जाळीने उचलायचाच नाही. पाण्यातच प्लास्टिकच्या डब्यात हाकून घ्यायचा आणि डब्यासकट वर काढायचा. तळी-ओहोळातली शिंगी हौसेने टाकीत ठेवणारे आहेत, तिच्याही छातीच्या पंखांतला काटा विषारी असतो. सकर फिशला विष नाही, पण तोही जाळीत असाच काटे ताठ करून बसतो.

गरम पाण्याचा उपाय तुम्ही केलात तो बरोबर. या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात. पाणी सोसेल तितकं गरम हवं, पण 45 अंशांच्या वर नको, आणि हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. गावाकडे बंब असतो त्यामुळे पाण्याला तोटा नाही, धोका उलट जास्त गरमाचा. ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही, म्हणून पाणी नेहमी दुसऱ्या हाताने बघायचं. टाकीचा थर्मामीटर पन्नासपर्यंतचा असेल तर तोच बादलीत सोडा. डॉक्टरांनी बोट बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर गरम पाणी बंद, नाहीतर काटा राहिला बाजूला आणि भाजल्याचे फोड येतात. लायन फिश आणि पाखट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा, स्टिंग रे) यांच्या काट्यालाही हाच उपाय. 2013 च्या गणपतीत गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला उतरलेल्या किती जणांना पाखटांनी डंख मारले ते आठवत असेल.

काटा लागल्यावर हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, जो तो काही ना काही घेऊन धावतो. चुना तर उघड्या जखमेला आणखी भाजतो. करकचून दोरी बांधणंही नको. रक्त थोडं वाहू द्या, स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर घेऊन टाका. श्वास कोंडला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर आली, किंवा काटा छातीत-पोटात शिरला असेल तर बादली राहू दे, 108 ला फोन करा.

आणि एक गोष्ट आहे जी आठवड्यांची वाट बघत नाही. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो, कोमट पाण्यात जास्त. जखमेभोवतीची लाली काही तासांत पसरत गेली, काळे-निळे फोड आले, ताप भरला तर रात्र काढायची नाही. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याने तर उघडी जखम घेऊन खाऱ्या टाकीत हातच घालू नये. तुमचे वडील पाणी बदलायला मदत करतात आणि त्यांना साखर आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणून द्या, नाहीतर टाकीच्या बाहेरची कामं द्या.

लायन फिश ठेवावा का, हेही विचारलंय. ठेवणारे ठेवतात. पाठीवर 13, पोटाखालच्या दोन पंखांत एकेक आणि शेपटीच्या अलीकडे 3, असे 18 विषारी काटे. तो अंगावर धावून येत नाही. काच घासताना त्याला कोपऱ्यात दाबलंत तर पाठ वळवतो, आणि तेवढं पुरतं. मेलेल्याचे काटेही तितकेच विषारी, त्यामुळे हाताने उचलून कचऱ्यात टाकायचा नाही. घरात पाच वर्षांचं मूल आहे आणि टाकीला झाकण नाही असं तुम्हीच म्हणताय. माझं उत्तर नाही.

ओहोटीला खडपांवरून "बटणांसारखी फुलं" खरवडून आणायचा बेत मात्र मनातून काढून टाका. ती झोअँथिड, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातले मऊ जीव असतात, रत्नागिरीपासून मालवणपर्यंत खडकांवर हिरवट-तपकिरी गालिचे दिसतात ते. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि कुठल्या गालिच्यात आहे ते नुसतं बघून सांगता येत नाही. कापताना चीळ डोळ्यात उडाली तर डोळ्याला गंभीर इजा होते. त्याहून वाईट म्हणजे दगड साफ करायला उकळणं. गरम पाण्याने काट्याचं विष मोडतं, हे मोडत नाही. ते वाफेबरोबर घरभर पसरतं, आणि टाकीला हातही न लावलेल्या माणसांना खोकला, धाप, ताप, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव असा त्रास होतो. परदेशात अशी अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेली आहेत. उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, तिथून काही उचलायचा प्रश्नच नाही. आणि कडक प्रवाळ तर वन्यजीव कायद्याखाली कुठूनही आणता येत नाही, मग तो जाळ्यात आपोआप आलेला का असेना.

विजेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत फळीखाली लोंबणारं एक्स्टेंशन दिसलं म्हणून लिहितो. खाऱ्या हवेने प्लगच्या पिना हिरव्या पडतात, वायरीवरून ओघळलेलं पाणी सरळ बोर्डात जातं. प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे थेंब तिथेच गळतील. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा होतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप दोन्ही बंद, प्लग काढून. हीटर पाण्याबाहेर काढायचा तर बंद केल्यावर पाव तास थांबा, नाहीतर काच तडकते आणि मग तळाशी पडलेले तुकडे वाळूतून वेचत बसावं लागतं.

खाणं घालताना शिंका येतात, डोळे चुरचुरतात असं लिहिलंय, ते सर्दीचं नसावं. सुक्या ब्लडवर्मच्या (माशांना घालतात त्या लाल अळ्यांच्या) भुकटीची ॲलर्जी बऱ्याच जणांना होते आणि दर वेळी वाढत जाते, पुढे दमाही लागतो. डबा घरात ठेवूच नका, दुसरं खाणं घ्या.

शेवटी त्या पिल्लांचं. टाकीत एखादा मासा खंगलेला, पाठ वाकलेला, अंगावर न भरणारे व्रण असलेला दिसला तर तो वेगळा काढा, हातमोजे घालून. पाणी तोंडाने ओढून नळी सुरू करायची सवय असेल तर ती आजपासून बंद, हातपंपाची नळी स्वस्त मिळते. आणि पिल्लं नकोशी झाली म्हणून परत समुद्रात सोडू नका, टाकीतला रोग त्यांच्याबरोबर बाहेर जातो. रत्नागिरीत कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा, ती मंडळी मासे ओळखून काय करायचं ते सांगतील. पण तिथे जाण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्या. गाठीचा फोटो आजच काढा, शेजारी पट्टी ठेवून, आणि दर चार दिवसांनी तसाच काढत जा. वाढतेय की थांबलीय ते तुमच्या सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून लवकर कळेल.